वायमार काळातली कॅबरे गाणी गाऊन करिअर होतं का? पियानोवर बसणाऱ्या माणसाचं उत्तर

प्रश्न लांबलचक होता म्हणून आधी थोडक्यात मांडतो, बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय २४, पुण्यात आठ वर्षं शास्त्रीय गाणं, मग दोन वर्षं वेस्टर्न व्होकल्स, आता लाइपझिगला मास्टर्स, जर्मन बी१ झालंय, बी२ चालू आहे. तिथे कुणीतरी उटे लेम्पर या जर्मन गायिकेची रेकॉर्डिंग्ज ऐकवली आणि तेव्हापासून डोक्यात वायमार काळातली, म्हणजे कैसर गेल्यापासून हिटलर येईपर्यंतच्या जर्मनीतली, कॅबरे गाणी गायची एवढंच, दुसरं काही नाही. प्रश्न तीन: माझा आवाज जाड आहे तो चालेल का, माझे उच्चार ऐकून लोक हसतील का, आणि यासाठी कुठला कोर्स करू.

आधी माझ्याबद्दल सांगतो, नाहीतर म्हणशील हा कोण टिकोजी. मी गात नाही. पियानो वाजवतो, पुण्यात शिकलो, २००६ मध्ये बर्लिनला आलो आणि तेव्हापासून मुख्यतः साथीचंच काम करतो, आपल्याकडे पेटीवाले असतात तसं. त्यातलं निम्मं काम १९२० च्या दशकातली गाणी गाणाऱ्यांबरोबर असतं. त्यामुळे गाणाऱ्याच्या चुका मला समोरून नाही, बाजूने दिसतात, आणि बाजूने जरा जास्तच दिसतात. वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतोय, चालेल ना?

तर तू जे तीन प्रश्न विचारलेस त्यातला एकही खरा अडचणीचा नाही. आवाज चालेल, उच्चार होतील, कोर्सचं पुढे बोलू. अडचणीचा प्रश्न तू विचारलेलाच नाहीस, तो असा की दोन गाण्यांच्या मध्ये तू काय बोलणार आहेस? कारण या कामात कुणी गाणं विकत घेत नाही, लोक अख्खी संध्याकाळ विकत घेतात. सत्तर मिनिटं, एक गाणारी, एक पियानो, आणि समोर वाइनचे ग्लास घेऊन बसलेले पन्नास लोक, ज्यांना हीच गाणी घरी सोफ्यावर पडून लोटे लेन्या या त्या काळातल्या गायिकेच्या आवाजात फुकट ऐकता येतात. ते सोडून त्यांनी तिकीट काढून तुझ्याकडे का यावं? याचं उत्तर ज्यांच्याकडे असतं त्यांना दुसऱ्यांदा बोलावणं येतं. आवाज बरा असूनही ज्यांच्याकडे ते नसतं अशा बऱ्याच मुली मी पाहिल्यात, दोन सीझन गातात आणि मग गाणं शिकवायला लागतात. शिकवण्यात वाईट काही नाही म्हणा, मीही शिकवतो.

आता शब्दाचा एक घोळ. आपल्याकडे कॅबरे म्हटलं की हेलन. इथे ‘काबारेट’ म्हटलं तर आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो टीव्हीवर सरकारला झोडपणारा माणूस, म्हणजे राजकीय व्यंग. तुला जे करायचंय त्याला इथे ‘शॉन्सोन’ म्हणतात, आणि असे सगळे छोट्या रंगमंचावरचे प्रकार मिळून ‘क्लाइनकुन्स्ट’. जागा शोधताना, मेल लिहिताना हेच शब्द वापर. मी सुरुवातीला एका जागेला ‘काबारेट’ म्हणून मेल केला होता, त्यांनी विचारलं पक्षांबद्दल तुमचं काय मत असतं.

पण शंभर वर्षांपूर्वी हे सगळं एकत्रच होतं आणि हे समजल्याशिवाय ती गाणी गाता येत नाहीत, म्हणून जरा थांबतो इथे. जर्मनीतला पहिला काबारेट वोल्झोगेन नावाच्या लेखकाचा, जानेवारी १९०१ मध्ये बर्लिनला सुरू झाला, पण तेव्हा कैसरचं राज्य, सेन्सॉर बसलेला, त्यामुळे सगळं तसं सभ्य. १९१८ ला कैसर गेला आणि सेन्सॉरही गेला. मग तळघरातळघरात स्टेज उभी राहिली. ट्रूडे हेस्टरबेर्ग या गायिकेने १९२१ मध्ये ‘थिएटर देस वेस्टेन्स’च्या तळघरात आपलं ‘विल्डे ब्यूने’ काढलं, तिथे १९२२ ला पुढे मोठा नाटककार झालेला, तेव्हा पोरगेलासा ब्रेश्ट गिटार घेऊन आपलं मेलेल्या सैनिकाचं गाणं म्हणायला उभा राहिला आणि नुसता गोंधळ उडाला. तीच इमारत त्सो स्टेशनजवळ अजून आहे, बर्लिनला आलीस की बघून ये. १९३१ मध्ये फ्रीडरिश हॉलेंडर या संगीतकारानेही स्वतःचं थिएटर त्याच इमारतीत काढलं. आता मला ज्यावर बोट ठेवायचंय ते असं की ती गाणी त्या सकाळच्या पेपरवर लिहिलेली असायची. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, अशा वेळी पैशावरचा जोक हा जोक नसतो, पोटातली कळ असते. बायकांना मताधिकार मिळून आठच वर्षं झाली होती तेव्हा, १९२६ ला, क्लेअर वाल्डॉफ पुरुषांना संसदेबाहेर हाकला म्हणून गात होती. समलिंगी लोकांच्या बाजूने उघडउघड गाणं १९२० मध्येच आलं होतं, त्याला चाल देणाऱ्या मिशा स्पोलियान्स्कीने रेकॉर्डवर दुसरं नाव लावलं होतं.

आपल्या डोक्याला पटकन कळावं म्हणून सांगतो, वगाआधीची बतावणी आठव. सोंगाड्या गावातल्या पाटलाचं, सोसायटीच्या निवडणुकीचं काहीतरी घुसवतो ना, तसं. ती बतावणी शंभर वर्षांनी कुणी शब्दन् शब्द पाठ करून, हात जोडून, आदराने म्हटली तर काय होईल? नेमकं तेच या गाण्यांचं होतं. लोक टाळ्या वाजवतात, पण देवळात वाजवल्यासारख्या.

दुसरी गंमत म्हणजे ‘वायमार’ म्हणून जे चित्र डोळ्यांपुढे येतं, बोलर हॅट, उलटी ठेवलेली खुर्ची, काळे स्टॉकिंग्ज, त्यातलं बरंचसं १९७२ च्या ‘कॅबरे’ या अमेरिकन सिनेमातून आलंय आणि त्या सिनेमाचं मूळ १९६६ चं न्यूयॉर्कचं म्युझिकल. छान गाणी आहेत, मीही वाजवतो, पण ती बर्लिनमध्ये लिहिलेली नाहीत. नवीन गाणारे ‘अस्सल वायमार संध्याकाळ’ म्हणून पोस्टर लावतात आणि सुरुवात न्यूयॉर्कच्या गाण्याने करतात, मग पहिल्या रांगेतला एखादा पांढऱ्या केसांचा माणूस असा काही हसतो की मला पियानोमागे लपावंसं वाटतं. गायचं असेल तर खुशाल गा, पण कुठलं आहे ते सांगून गा.

आता आवाज. जाड आहे म्हणालीस, उत्तम. ही गाणी ज्या बायका म्हणायच्या त्यांना ‘डिझ्योझ’ म्हणत, म्हणजे शब्दशः सांगणारी. गाणारी नाही, सांगणारी. लेन्याच्या तरुणपणाच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज उंच, चिवचिवता आहे, आणि १९५० च्या दशकात तिने तीच गाणी पुन्हा रेकॉर्ड केली तेव्हा कितीतरी खालच्या पट्टीत, घोगऱ्या आवाजात. दोन्ही ऐक. दुसरी लोकांच्या जास्त लक्षात राहिली. मॅरिएन फेथफुल १९६० च्या दशकात गोड आवाजाची पॉप गायिका होती, मग आयुष्याने आवाज पार फाडला, आणि त्या फाटलेल्या आवाजात १९९० च्या दशकात ती कुर्ट वाइल या तेव्हाच्या बर्लिनमधल्या संगीतकाराची गाणी गायली तेव्हा असं वाटलं की ही गाणी याच आवाजाची वाट बघत होती. म्हणून तुझ्या आवाजाची मला काळजी नाहीये. काळजी आहे ती तुझ्या शास्त्रीय सवयींची.

कशी ते सांगतो. आपल्याकडे गळा स्वरांवर बसतो. आकार, इकार, शब्द संपला तरी स्वर चालू, ओळीच्या शेवटी मींड घेऊन समेवर यायचं. जर्मन गाण्यात शेवटी मींड घेतलीस की मेलीस, कारण जोक शेवटच्या व्यंजनात असतो. जर्मन वाक्याचं क्रियापद बऱ्याचदा शेवटी येतं (आपलंही येतंच की, त्यामुळे तुला हे इंग्रजांपेक्षा लवकर कळेल) आणि लिहिणारे लोक लबाड होते, अख्खी ओळ सरळसाधी नेतात आणि शेवटच्या शब्दावर पाय ओढतात. तो शेवटचा ‘ट’ किंवा ‘श्ट’ टपकन पडला पाहिजे, कप बशीत ठेवल्यासारखा. त्याच्या पुढे स्वर ओढायचा नाही. हसायला जागा तिथे आहे.

एक उदाहरण देतो, गेल्या वर्षीच्या रिहर्सलमधलं. एक मुलगी हॉलेंडरचं ते १९३० च्या सिनेमातलं, मार्लेने डीट्रिशने अजरामर केलेलं गाणं बसवत होती. इंग्रजी शब्दांत ते पुन्हा प्रेमात पडल्याची हळहळ आहे, आणि ती जर्मन शब्द गात असूनही तीच हळहळ घेऊन गात होती, डोळे अर्धे मिटून, श्वास सोडत. मी थांबवलं आणि विचारलं या ओळीतला ‘आइनगेश्टेल्ट’ हा शब्द तू रोजच्या आयुष्यात कुठे वापरतेस? ती म्हणाली, हीटर. म्हणजे हीटर २१ वर सेट केलाय, तो सेट. बरोबर! रेडिओचं स्टेशन लावायचं, मशीन ॲडजस्ट करायचं, त्याला हा शब्द. बर्लिनमध्ये रेडिओ सुरू झाला १९२३ ला, सिनेमा आला १९३० ला, लोकांच्या घरात नवी बटणं आली होती. म्हणजे ती बाई हळहळत नाहीये, ती सांगतेय की मी डोक्यापासून पायापर्यंत प्रेमावर सेट केलेली आहे, फॅक्टरीतूनच अशी आलेय, माझा इलाज नाही. मी म्हटलं आता हीटर दुरुस्त करणाऱ्याला सांगतेस तसं सांग. तिने सांगितलं, कोरडं, खांदे उडवून, शेवटचा ‘ट’ टपकन टाकून, आणि खोलीत बसलेला लाइटवाला फस्सकन हसला. तोपर्यंत तो मोबाइलमध्ये होता.

म्हणून भाषेचं म्हणतो, बी२ पास होणं हा मुद्दा नाही, एकेका शब्दाशी अशी सलगी पाहिजे. पाच गाणी घे आणि प्रत्येक शब्द किराणा दुकानात वापरता आला पाहिजे इतका ओळखीचा कर. बैठकीची लावणी बघितली असशील तर तुला हे उमजेल, यमुनाबाई वाईकर एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी वेगळी अदा करायच्या, शब्द तोच, सांगणं वेगळं. तुझ्या हातात हा वारसा आहे आणि तू लेम्परच्या हातवाऱ्यांची नक्कल करायला निघालीयस. (तुझा व्हिडिओ पाहिला, डावा हात थेट तिचा आहे.)

उच्चारांबद्दल लोक हसतील का? आता ऐक. क्लेअर वाल्डॉफ, बर्लिनच्या बोलीची सम्राज्ञी, जन्मली गेल्झनकिर्शेनला, रूरच्या कोळसापट्ट्यात. बर्लिनची बोली तिने येऊन उचलली. लेन्या व्हिएन्नाची. हॉलेंडर लंडनला जन्मला, स्पोलियान्स्की बियालिस्टोकला, मार्गो लिऑन इस्तंबूलला, फ्रेंच आईबापांच्या पोटी, आणि ती जर्मन गाणी असल्या चमत्कारिक फ्रेंच ढंगात म्हणायची की तीच तिची ओळख झाली. त्या दशकाचं बर्लिन बाहेरून आलेल्या माणसांनीच उभं केलंय. त्यामुळे उच्चार स्पष्ट हवेत, बर्लिनी असायला हवेत असं नाही. बोलीतली गाणी मात्र सुरुवातीला टाळ. आम्ही एकदा एका वृद्धाश्रमात वाल्डॉफची गाणी केली होती, माझ्याबरोबरची गायिका बव्हेरियाची, तिने ‘गूट’ म्हटलं, आणि पुढच्या व्हीलचेअरवरच्या आजी भर गाण्यात मोठ्याने म्हणाल्या, ‘यूट!’ बर्लिनमध्ये ग चा य होतो. पुढच्या कडव्यात पुन्हा ‘गूट’, पुन्हा आजी, ‘यूट!’ तिसऱ्या वेळेला अख्खा हॉल ‘यूट’ म्हणाला. त्या दिवशी आमच्यापेक्षा आजींचाच कार्यक्रम चांगला झाला.

आता करिअर. तुझी लेम्परच घेऊ, कारण तू तिचं नाव घेतलंस पण बहुतेक फक्त वाइलचे अल्बम ऐकलेस. १९६३ चा जन्म, म्युन्स्टर. नाच शिकली, व्हिएन्नात अभिनय शिकली, १९८३ मध्ये तिथल्याच ‘कॅट्स’मध्ये होती, मग पॅरिसला ‘कॅबरे’ म्युझिकलमध्ये सॅली बोल्सची भूमिका, त्यासाठी मोलिएर पुरस्कार. वाइलचे अल्बमही त्याच सुमाराला, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९९६ च्या सुमाराला बर्लिनच्या काबारेट गाण्यांचा अल्बम केला तो जर्मन आणि इंग्रजी, दोन वेगळ्या आवृत्त्यांत. १९९७ ला लंडनमध्ये ‘शिकागो’, त्याचा ऑलिव्हिए पुरस्कार, मग न्यूयॉर्क, मग स्वतःची गाणी. म्हणजे वायमारचं गाणं हा तिच्या झाडाचा बुंधा आहे, पण पाणी चार ठिकाणांहून आलंय. आणि एक गोष्ट बघ, पॅरिसच्या यशानंतर पेपरवाले तिची तुलना डीट्रिशशी करायला लागले तेव्हा तिने डीट्रिशला जवळजवळ माफी मागणारं पत्र लिहिलं, आणि १९८८ मध्ये डीट्रिशने स्वतः फोन केला, तीन तास बोलली. त्या फोनवर लेम्परने कितीतरी वर्षांनी एक अख्खा कार्यक्रम उभा केला. गाणी सगळ्यांना ठाऊक असलेलीच, पण फोन फक्त तिलाच आला होता. मी मघाशी ‘मध्ये काय बोलणार’ म्हणत होतो ते हे.

माक्स राबेचंही तेच, जरा वेगळ्या वाटेने. ऑपेराचं गाणं शिकणारा विद्यार्थी, १९८६ मध्ये बर्लिनला सोबतच्या विद्यार्थ्यांना घेऊन पालास्ट ऑर्केस्टर काढलं, जुन्या मूळ अरेंजमेंट्स वाजवायचे. नाव सगळीकडे झालं ते मात्र १९९२ ला, स्वतः लिहिलेल्या एका नव्या गाण्याने, मला कुणी फोनच करत नाही अशी रड असलेलं, जुन्या घाटातलं. सूट जुना, रड आजची.

तुला कुणाचा फोन येईल ते मला कसं कळणार, पण एक धागा देतो. वाल्टर काउफमान नावाचा संगीतकार, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या कार्ल्सबादचा ज्यू माणूस, बर्लिनला श्रेकर या संगीतकाराकडे शिकला, आणि १९३४ मध्ये मुंबईला येऊन पोचला. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नोकरी. आपल्या रेडिओवर सकाळी जी तंबोरा-व्हायोलिनची सुरुवातीची धून वाजायची, ती त्याची मानली जाते. तुझ्या आजीने ती हजारो वेळा ऐकली असेल, चहा ठेवताना. आणि दुसरं, १९२८ ला ब्रेश्ट-वाइलनी बर्लिनमध्ये जो ‘थ्री पेनी ऑपेरा’ केला, त्याचं पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं, १९७८ ला, जब्बार पटेलांनी बसवलं, त्यात नाट्यगीतही होतं, लावणीही आणि पाश्चात्त्य बाजाची गाणीही. म्हणजे पुण्याच्या मुलीने हे गाणं म्हणायला लागण्यात नवल काहीच नाही, घरातूनच रस्ता आहे. लाइपझिगच्या प्रेक्षकांना यातलं काहीही माहीत नसतं. एका गाण्याआधी दोन मिनिटं आजीचा रेडिओ सांग आणि बघ काय शांतता पसरते. फक्त सांगताना व्याख्यान देऊ नकोस, चहापासून सुरुवात कर.

शांततेवरून माझी एक फजिती सांगतो, यातून मी सगळ्यात जास्त शिकलो. नोव्हेंबरच्या ९ तारखेच्या आसपास आणि २७ जानेवारीला इथे नाझींनी छळलेल्या, मारलेल्या ज्यूंच्या स्मरणाचे कार्यक्रम असतात, आणि आपल्यासारख्यांना त्या दिवसांत बोलावणी येतात कारण या गाण्यांचे निम्मे कर्ते ज्यू होते. हॉलेंडर आणि स्पोलियान्स्की १९३३ मध्येच निसटले. कुर्ट गेरोन, ज्याने ‘थ्री पेनी ऑपेरा’च्या १९२८ च्या प्रयोगात चाकूवाल्याचं गाणं म्हटलं होतं, तो १९४४ ला आउशवित्झमध्ये मारला गेला. विली रोझेनही. हा रोझेन पियानोवर बसून स्वतःच गायचा आणि दर वेळी जाहीर करायचा, शब्द आणि चाल माझीच! वेस्टरबोर्कच्या नाझी छावणीतसुद्धा त्याने आणि माक्स एरलिशने रेव्ह्यू, म्हणजे गाणी-नकलांचे कार्यक्रम, केले. तर आम्ही आधी त्याची हकिगत सांगितली, छावणी, गाडी, वर्ष, सगळं, आणि मग त्याचं एक उड्या मारणारं गाणं सुरू केलं. तीन मिनिटं मी दगडांसमोर वाजवत होतो. कुणी हसू शकत नव्हतं आणि हसता येत नाही म्हणून लोकांना लाजही वाटत होती. पुढच्या वेळी उलटं केलं. आधी गाणं, काही न सांगता, नुसतं ‘शब्द आणि चाल विली रोझेन’. लोक खळखळून हसले, टाळ्या पडल्या. मग गायिका एवढंच म्हणाली की याला १९४४ मध्ये मारलं, आणि लगेच पुढचं गाणं. तो माणूस आधी खोलीत आला पाहिजे, जायचा नंतर. तुझा क्रम लावताना हे डोक्यात ठेव, आणि अशा कार्यक्रमात फिशनेट घालून जाऊ नकोस एवढं सांगायला नको.

पैसे. हे गावावर, जागेवर, तुझ्या ओळखींवर अवलंबून आहे, पण साधा हिशोब असा. ५० खुर्च्या, १५ युरो तिकीट, सगळी गेली तर ७५०. नेहमीची वाटणी ७०-३०, तुमचे ५२५, दोघांत २६२ आणि सुटे. त्यासाठी आठ रिहर्सल, रेल्वे, पोस्टर. आणि सगळी तिकिटं कधी जातात? कुठे कुठे तर तिकीटच नसतं, शेवटी टोपी फिरते. बर्लिनची ‘बार येडर फेरनुन्फ्ट’, आरशांच्या तंबूतली, १९९२ पासूनची (नावात कोटी आहे, बारही आणि ‘अकलेचा पत्ता नसलेलं’ही), तिथे पोचेपर्यंत लोकांची दहाएक वर्षं जातात. त्यामुळे वाढदिवस, कंपन्यांच्या ‘सोनेरी विशीतल्या’ पार्ट्या, हॉटेल, वृद्धाश्रम हे सगळं करावं लागतं, नाक मुरडू नकोस, पार्टीवाले सगळ्यात चांगले पैसे देतात आणि सगळ्यात कमी ऐकतात.

कागदपत्रांकडे मात्र आजच बघ. विद्यार्थी परवान्यावर नोकरीचे दिवस मोजून मिळतात, पण गिग म्हणजे फ्रीलान्स काम, त्याला परदेशी नागरिकांच्या ऑफिसची वेगळी परवानगी लागते. ती न घेता बिलं फाडलीस तर पुढच्या परवान्याला फटका बसेल. शिक्षण संपल्यावर इथल्या निवास कायद्याच्या कलम २१ परिच्छेद ५ खाली फ्रीलान्सचा परवाना मागता येतो. आणि केएसके म्हणून कलाकारांचा विमा निधी आहे, कलेतून वर्षाला ३,९०० युरोंच्या वर कमाई दाखवता आली तर आरोग्यविमा-पेन्शनचा जवळपास अर्धा हप्ता ते भरतात, नवख्यांना पहिली तीन वर्षं त्या आकड्याची सूट असते. माझ्या ओळखीचे निम्मे कलाकार या एका गोष्टीवर तगून आहेत.

हक्कांचं थोडं, कारण याने बरेच जण आपटतात. नुसतं गाणं म्हणायचं तर गेमाचे (कर्त्यांसाठी गाण्यांचं मानधन गोळा करणारी संस्था) पैसे बहुधा जागेचा मालक भरतो, तरी आधी विचारून घे. पण गाण्याचं भाषांतर करायचं असेल, मराठी कडवं घालायचं असेल, तर प्रकाशकाची परवानगी लागते. युरोपात कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि गाण्यात कवी-संगीतकार दोघांपैकी जो नंतर गेला तो धरायचा. वाइल १९५० ला गेला पण ब्रेश्ट १९५६ ला, म्हणून त्यांची गाणी २०२६ अखेरपर्यंत बांधलेली, आणि कागदावर तिसरा सहलेखक असेल तर आणखी पुढे. हॉलेंडर १९७६, विसर. पण टुखोल्स्की १९३५ ला गेला, रिंगेलनाट्झ १९३४ ला, क्लाबुंड १९२८ ला. यांच्या कविता मोकळ्या आहेत. त्यांना स्वतः चाल लाव, मराठीत आण, यमनमध्ये बांध, कुणी विचारणार नाही. मी तुझ्या जागी असतो तर संध्याकाळच्या कार्यक्रमातली चार तरी गाणी अशी केली असती, हक्कांच्या कटकटीसाठी नाही, तर ती चार दुसऱ्या कुणाकडेच नसतील म्हणून.

राहिला कोर्स. इथले म्युझिकलचे कोर्स चांगले आहेत पण त्यांना गाणं, नाच, अभिनय तिन्ही लागतं आणि जागा मोजक्या. मास्टर्स सोडून त्यामागे लागू नकोस. त्याऐवजी एक अभिनयाचा शिक्षक धर, बोलण्याचा, गाण्याचा नाही, आणि महिन्यातून दोन तास दे. बर्लिनच्या राष्ट्रीय गायन स्पर्धेत एक वर्षाआड म्युझिकल आणि शॉन्सोनचा विभाग असतो, तो प्रेक्षकात बसून एकदा बघ, कोण काय करतंय ते दोन दिवसांत कळतं. आणि साथीदार शोध, हे कोर्सपेक्षा महत्त्वाचं. लाइपझिगच्या संगीत विद्यालयात पियानोवाले भरपूर आहेत, त्यातला असा बघ जो तुझ्या तोंडाकडे बघून वाजवतो, नोटेशनकडे नाही.

मे महिन्यात मी लाइपझिगला येणार आहे, तीन गाणी बसव, तासभर बसू. फक्त येण्याआधी प्रत्येक गाण्याची पट्टी कळव. आपल्यासारखा एकच सा धरून सगळी गाणी नसतात इथे, प्रत्येकाची वेगळी पट्टी लागते, आणि छापील प्रती बऱ्याचदा तुझ्या आवाजाला तीन-चार स्वर उंच असतात. ‘जरा खाली घ्या’ असं लिहून पाठवू नकोस, नेमका स्वर लिही. काळी चार म्हणालीस तरी कळेल मला.